मायलेकींमधला सातबारा

कोयनेचं पाणी अडण्याआधी पाटण-जावळीच्या डोंगरपट्ट्यात शेती ओढायच्या त्या बायकाच. पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर हमालीला. गावी यायची मनिऑर्डर. उतारावरची नाचणी-वरी आई पेरायची, तिच्या हाताखाली लेक शिकायची. लेकीचं सासरही बहुधा खोऱ्यातच, सणाला चालत माहेर गाठता येईल इतकं जवळ. खातं मात्र आजोबांचं, मग बापाचं, मग भावाचं. राबणाऱ्या दोघींपैकी कुणाचंच नाव सातबाऱ्यावर नसे.

साठच्या दशकात कोयना धरणाच्या १०३ मीटर उंचीच्या भिंतीमागे शिवसागर जलाशय भरला आणि नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये. तोवर कोयनेची माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडपर्यंत विखुरली होती. काही तिथंच डोंगरावर वर सरकली होती. कित्येक लेकींचं सासर खोऱ्यात राहिलं आणि माहेर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर परिसरातली उभी घरं पाडली.

नुकसानभरपाई, पर्यायी जमीन, प्रकल्पग्रस्त दाखला, सगळं खातेदाराच्या नावाने चालतं. खातेदार वारला की वारसनोंद करावी लागते, आणि तिथे लेकीचं नाव पुढे येतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत तिला भावाच्या बरोबरीला आणलं, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. धरणाच्या काळात सासरी गेलेल्या पिढीला त्या बरोबरीसाठी २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं.

मग निघतं हक्कसोडपत्र, लेकीने वाटा सोडल्याचा कागद.

सही मागायला भाऊ सहसा स्वतः जात नाही, आईला पुढे करतो. आईची भाकरी, दवाखाना, म्हातारपण मुलाच्या घरात असतं. स्वतःचा वाटाही तिने अनेकदा आधीच त्याला सोडलेला असतो. लेकीने सही दिली तर साडीचोळी आणि माहेरपण चालू राहतं. नाही दिली तर गौरी-दिवाळीचं बोलावणं थांबतं. लेकीला वाटतं, आईने आपल्याला परकं केलं. आईला वाटतं, पोरीने भावाचं घर मोडायला काढलं. दोघींचा राग खरा आहे, पण तो एकमेकींवर निघतो आणि ज्या दप्तराने दोघींना बाहेर ठेवलं ते सुटून जातं.

२०१८ मध्ये श्रमिक मुक्ती दल या संघटनेच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी कोयनानगरला ठिय्या दिला, तेव्हा विस्थापनाला अर्धशतक उलटून गेलं होतं. बायकाही त्या ठिय्यात बसल्या होत्या. एवढ्या वर्षांत मूळ खातेदारांच्या जागी त्यांचे वारस आले आहेत. म्हणूनच प्रकल्पग्रस्त खातेदारांच्या संकलनाच्या यादीत मुलांबरोबर आई आणि लेकी यांची नावं आधी चढली पाहिजेत, त्यांचे हिस्से स्पष्ट लिहिले गेले पाहिजेत, आणि वाटा सोडायचा की ठेवायचा हे लेकीला त्यानंतरच विचारलं गेलं पाहिजे. तेही आईला मध्ये न घालता.