पीक आणि अन्न : ऊर्जानगरच्या तव्यावरचा टोफू

एखादा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात कसा आला, याविषयी बरेच लिहिले जाते. बटाटा, मिरची, साबुदाणा यांच्या प्रवासाच्या कथा आता शालेय पुस्तकांपर्यंत पोचल्या आहेत. मात्र एखादा पदार्थ दाराशी येऊनही आत का आला नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आम्हांला तो पडला त्याचे निमित्त अगदी साधे होते. ऊर्जानगरच्या घरात एका संध्याकाळी आम्ही लोखंडी तव्यावर टोफूचे तुकडे परतत होतो. पाकीट दूरच्या शहरातून आले होते. ज्या दाण्यापासून टोफू होतो तो सोयाबीन मात्र वरोरा-भद्रावतीच्या बाजूला खरिपात शेतच्या शेत भरून उभा असतो. घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर पिकणारी वस्तू परदेशी पाहुणी म्हणून तव्यावर यावी, यात काही तरी उलटे आहे असे वाटले. त्या उलटेपणाचा शोध घेण्याचा हा प्रयत्न.

प्रथम स्थळाविषयी. ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्राची वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० मेगावॅटचे पाच संच मिळून त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. एका अंगाला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला ताडोबाचे जंगल, आणि पाणी इरई धरणाचे. वसाहतीत महाराष्ट्राच्या सगळ्या भागांतली कुटुंबे राहिली आहेत, त्यामुळे एकाच इमारतीत गोडा मसाला, काळा मसाला आणि सावजी मसाला असे तिन्ही वास येऊ शकतात. जिल्ह्याचेही शेतीच्या दृष्टीने दोन भाग पडतात. पश्चिमेकडे काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन. पूर्वेकडे मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या बाजूला तलाव आणि धान. पुढे गडचिरोलीत शिरले की जंगल आणि धान. ऊर्जानगर या दोहोंच्या सीमेवर आहे.

आता टोफूविषयी. चिनी भाषेतला ‘डोउफू’ हा शब्द जपानीत ‘तोफू’ झाला आणि तिथून जगभर गेला. ‘डोउ’ म्हणजे कडधान्य, ‘फू’ म्हणजे नासलेले किंवा गोठलेले. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातल्या ल्यू आन या हान राजपुत्राने त्याचा शोध लावला अशी चिनी आख्यायिका आहे. लिखित साहित्यातला निःसंदिग्ध उल्लेख मात्र त्यानंतर हजारेक वर्षांनी, दहाव्या शतकात सापडतो. पदार्थ थोर असला की त्याला एक राजपुत्र जोडून द्यावा, ही प्रवृत्ती सार्वत्रिक दिसते. प्रत्यक्षात हे ज्ञान अनामिक हातांनी शेकडो वर्षांत जमवले असणार. पुढे बौद्ध विहारांच्या शाकाहारी स्वयंपाकातून त्याला पूर्व आशियात प्रतिष्ठा मिळाली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरातही धम्मदीक्षा दिली. धम्म आला, पण विहारांतला तो पदार्थ आला नाही. येण्याचे कारणही नव्हते, कारण धर्म आणि पाककृती एकाच वाटेने प्रवास करतात असा नियम नाही.

टोफू आला नाही, पण सोयाबीन येऊन गेला होता, आणि तोही फार लांब नाही. चंद्रपूरहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर वर्धा आहे. डिसेंबर १९३४ मध्ये तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, पालेभाज्या यांवर तिथे प्रयोग चालत. त्याच ओघात १९३५ साली सोयाबीनही मगनवाडीच्या स्वयंपाकघरात दाखल झाला, आणि गांधीजींनी त्याविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले. त्यांची ओढ समजण्यासारखी होती. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले होते. १९१८ च्या गंभीर दुखण्यानंतर त्यांना शेळीचे दूध स्वीकारावे लागले, आणि ती तडजोड त्यांच्या मनाला कायम टोचत राहिली. दुधाची जागा घेईल अशी वनस्पती सापडावी, ही इच्छा त्यांच्या आहारविषयक लेखनात पुन्हा पुन्हा दिसते. जवळजवळ ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असलेला हा दाणा त्यांना आशादायक वाटला, यात नवल नाही.

याच सुमारास बडोदे संस्थानातही सोयाबीनचा पुरस्कार होत होता. एफ. एस. काळे यांचे सोयाबीनचे आहारमूल्य, लागवड आणि उपयोग यांविषयीचे इंग्रजी पुस्तक १९३६ साली बडोद्यात प्रसिद्ध झाले. त्यात पाककृतींचाही मोठा भाग आहे. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी एकीकडे एक आश्रम आणि दुसरीकडे एक संस्थान, दोघेही हा दाणा भारतीय ताटात वाढू पाहत होते. तरीही तो ताटात राहिला नाही. असे का व्हावे?

सहज सुचणारे उत्तर असे, की लोक परंपराप्रिय असतात आणि नवे अन्न स्वीकारत नाहीत. आम्हांला ते पटत नाही. ज्या समाजाने अमेरिकेतून आलेली मिरची इतकी आपलीशी केली की तिच्यावाचून वऱ्हाडी रश्श्याची कल्पनाच करता येत नाही, त्याला नव्याचे वावडे होते असे कसे म्हणावे? दोष लोकांच्या जिभेत शोधण्याआधी तो दाण्यात आणि तो देण्याच्या पद्धतीत शोधला पाहिजे.

सोयाबीन दिसतो डाळीसारखा, पण वागतो डाळीसारखा नाही. तुरीत किंवा हरभऱ्यात भरपूर पिष्ट असते, म्हणून त्या शिजल्या की मऊ होतात आणि घोटल्या की वरण एकजीव होते. सोयाबीनमध्ये पिष्ट जवळपास नसतेच. तास-दीड तास शिजवला तरी दाणा दाणाच राहतो. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात, त्यामुळे तो नीट शिजवल्याशिवाय पोटाला मानवत नाही. शिवाय दाणा भिजवून गार पाण्यात वाटला, की त्यातले एक विकर तेलावर काम करू लागते आणि काही क्षणांत तो उग्र, हिरवट वास तयार होतो. एकदा आलेला हा वास मसाल्याने झाकला जात नाही. सोयाबीनची उसळ करा, पीठ करून भाकरीत मिसळा, असा उपदेश म्हणजे या दाण्याला डाळ समजून वागवण्याचा आग्रह होता. चीनने तो फार पूर्वी सोडून दिला होता. तिथे दाण्याचे दूध केले, ते उकळले, गोठवले, दाबले, आणि नको असलेले बरेच काही चोथ्यातून आणि पाण्यातून वेगळे केले. आपल्याकडे दाण्याचा पुरस्कार झाला, त्याचे पोषण मोजले गेले, पण त्याच्याबरोबरची ही कृती रुजली नाही.

पुढचा अध्याय स्वयंपाकघराबाहेर घडला. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनवर नव्याने काम सुरू झाले. १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प आला, १९८७ मध्ये इंदूरला राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. माळव्यात हे पीक पसरले आणि तिथून विदर्भात उतरले. शंभर दिवसांच्या आसपास हाती येणारे, कापसापेक्षा कमी खर्चाचे आणि रब्बीला रान मोकळे करून देणारे पीक शेतकऱ्याला सोयीचे होते. पण या वेळी ते अन्न म्हणून आले नव्हते. दाणा बाजार समितीत जातो, तिथून गिरणीत. तेल निघते, आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यासाठी देशात आणि परदेशांत जाते. तेल काढलेल्या पिठाच्या वड्या तेवढ्या पाकिटातून गावच्या दुकानात परत येतात आणि मटणाच्या रश्श्यासारखा रस्सा करून त्यात शिजवल्या जातात. शेतकऱ्याच्या घरी सोयाबीन येतो तो असा, दोन कारखाने फिरून.

‘पीक’ आणि ‘अन्न’ हे दोन शब्द मराठीत शेजारी नांदत आले आहेत. ज्वारी पीक होती आणि अन्नही होती. कापूस पीक होता, पण तो अन्न नाही हे सर्वांना ठाऊक होते. सोयाबीनने प्रथमच असे घडवले, की खाण्याजोगे धान्य शेतात उभे आहे आणि ते पिकवणाऱ्याला ते खाता येत नाही. २०२३ साली पिवळ्या मोझॅकने चंद्रपूर जिल्ह्यातली शेते पिवळी पडली, तेव्हा शेतकऱ्याने उत्पन्न गमावले; घरातला दाणा संपला अशी भाषा कोणी केली नाही. २०२४-२५ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता, म्हणजे किलोला ४९ रुपयांहून थोडा कमी. आणि त्या वर्षी अनेक बाजारांत तेवढाही मिळाला नाही. एक किलो दाण्यापासून साधारण दीड किलो टोफू होतो. शहरातल्या दुकानात टोफूची किंमत पाहणाऱ्याने हा हिशेब आपला आपण करावा.

इथे आणखी एका दाण्याची आठवण होते. धानाच्या बांधीत, धान कापण्यापूर्वीच ओलीवर फेकून घेतली जाणारी लाखोळी ही पूर्व विदर्भातल्या गरिबांची डाळ. दीर्घकाळ केवळ तिच्यावर राहिले तर पाय लुळे पडण्याचा विकार होऊ शकतो, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदीचा नियम झाला. तो विकार दुष्काळात उसळतो, म्हणजे माणसाला दुसरे काही मिळत नाही तेव्हा. डाळ भिजवून, उकळून वरचे पाणी टाकून दिले तर तिच्यातले विष बरेच कमी होते. सोयाबीन असो वा लाखोळी, दोन्ही दाणे खाण्याजोगे होतात ते पाणी, उष्णता आणि वेळ यांच्या ज्ञानाने. लाखोळीच्या बाबतीत दाण्यालाच दोषी ठरवले गेले, सोयाबीनच्या बाबतीत खाणाऱ्यांना. कृतीचा विचार दोन्हीकडे मागे पडला.

बाजारात टोफूला ‘सोया पनीर’ म्हणतात. हे नाव सोयीचे आहे, पण फसवे आहे. जुन्या मराठी स्वयंपाकात दही, ताक, लोणी, चक्का, खरवस होते; पनीर स्वतःच अलीकडचे. एका पाहुण्याची ओळख दुसऱ्या पाहुण्याच्या नावाने करून दिल्यासारखे हे झाले. शिवाय पनीर म्हणून खाल्ला की टोफू हमखास निराश करतो, कारण त्यात दुधाची स्निग्धता नसते. आमच्या मते त्याचे खरे नातेवाईक शोधायचे तर पाटवडीकडे पाहावे. बेसन शिजवून, ताटात थापून, चौकोनी कापून झणझणीत रश्श्यात सोडण्याची रीत विदर्भाला चांगली ठाऊक आहे. कडधान्याला घट्ट आकार द्यायचा आणि चव बाहेरून चढवायची, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

म्हणून आम्ही पाकीट बाजूला ठेवले आणि दाण्यापासून सुरुवात केली. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवला. सकाळी तो आधी उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे ठेवला, कारण उष्णतेने ते वासाचे विकर निकामी होते. मग गरम पाण्यातच वाटला. दूध गाळून पंधरा-वीस मिनिटे उकळले, खाली उतरवून थोडे निवू दिले, आणि पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस हळूहळू घातला. निवळ वेगळी झाल्यावर कापडात बांधून वर वरवंटा ठेवला. तासाभराने वडी धरली. चोथा टाकला नाही. कांदा आणि सांबार घालून त्याची थालीपिठे झाली. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी : इथे सांबार म्हणजे कोथिंबीर.)

परतण्यात खरी गोष्ट एकच, पाणी. तुकड्याच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान शंभर अंशांपुढे सरकत नाही, आणि तांबूस पापुद्रा धरायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून तुकडे गरम मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, पुसून, कोरडे करून घ्यावेत. तवा चांगला तापलेला, जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल बेताचे. तुकडे ठेवले की त्यांना हात लावू नये. पापुद्रा धरला की ते आपोआप सुटतात. दोन्ही बाजू तांबूस झाल्यावर ठेचलेला लसूण, हळद, तिखट, धणेपूड, आणि शेवटी जवसाची चटणी. मसाला आधी लावला तर तो जळतो आणि तुकडा कच्चा राहतो.

आमच्या ताटात हा टोफू ज्वारीच्या भाकरीबरोबर आला आणि कोणालाही परका वाटला नाही. यावरून गावोगाव टोफू करावा असा उपदेश आम्हांला करायचा नाही. प्रथिनांचे उपदेश या मुलखाने पुष्कळ ऐकले आहेत, आणि मासळी, खेकडे, मटण, मोहफुले खाणाऱ्या माणसांना त्यांचे अन्न कमी प्रतीचे आहे असे त्यांतल्या अनेकांनी न बोलता सुचवलेही आहे. आमचे म्हणणे एवढेच, की १९३५ साली सव्वाशे किलोमीटरवर जो प्रयोग अपुरा राहिला, तो लोकांच्या हट्टामुळे राहिला असे लिहिणारा इतिहास पुन्हा तपासला पाहिजे. त्या वेळी दाण्याबरोबर एक कापड, एक वरवंटा आणि चार लिंबे पोचली असती, तर आज वरोऱ्याच्या बाजारातून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या थैलीत कदाचित पावती असती आणि घरच्या तव्यावर त्याच शेतातली वडीही असती.