बेचिराख : राख नव्हे, दिवा

‘बेचिराख’ म्हटलं की डोळ्यांपुढे आग आणि राखेचा ढिगारा येतो. पण या शब्दात राख नाहीच. मूळ फारसी शब्द ‘बेचिराग’. ‘बे’ म्हणजे विना, ‘चिराग’ म्हणजे दिवा. रात्री जिथे एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. पुढे मराठी कानाला ‘चिराख’मधली ‘राख’ ऐकू आली आणि अर्थालाही आग लागली!

नागपूरकडे अशा ओसाड गावाला ‘रिठी’ म्हणतात. दुष्काळ, रोगराई, लुटालूट किंवा आटलेली विहीर. माणसं उठून जातात, शिवार मात्र कसलं जातं. म्हणून पटवाऱ्याच्या दप्तरात मौजा राहतो, पुढे कंसात ‘रिठी’. जनगणनेत लोकसंख्या शून्य. वावरात वखर फिरला की खापरं वर येतात. धुऱ्यावर जुनी चिंच, तिच्याखाली शेंदूर लावलेला दगड. इंग्लंडातल्या यॉर्कशरमधलं वॉरम पर्सी हे मध्ययुगीन गावही ओसाड पडलं. कुरणाखाली घरांचे चौथरे उरले.

सातबारावर ‘रिठी’ दिसलं तर थोडं थांबा. तिथे कधीतरी दिवे लागत होते.