हातभरणीच्या काडतुसांतील बिघाड

वापरलेल्या पितळी पुंगळीत नवी टोपी (प्रायमर), मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवून हातयंत्रावर तयार केलेल्या काडतुसास हातभरणीचे काडतूस म्हणतात. अर्धस्वयंचलित पिस्तूल अशा काडतुसांबाबत रिव्हॉल्व्हरपेक्षा अधिक चोखंदळ असते. रिव्हॉल्व्हरचे चक्र नेमबाजाच्या बोटाने फिरते. पिस्तुलाची स्लाइड मात्र उडालेल्या काडतुसाच्याच जोरावर मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझीनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. त्यामुळे भरणीतील लहानशी चूकही अडथळ्याच्या रूपाने दिसते.

== निदान ==
प्रथम दोष पिस्तुलाचा की काडतुसाचा, हे ठरवावे लागते. त्याच पिस्तुलातून, त्याच मॅगझीनने कारखान्यातील काडतुसे सुरळीत उडत असतील, तर संशय भरणीवर जातो. तीही अडकत असल्यास मॅगझीन बदलून पाहतात. मॅगझीनच्या वाकलेल्या ओठांचा दोष पुष्कळदा विनाकारण दारूच्या माथी मारला जातो.

काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसत नसेल, तर रिकाम्या पिस्तुलाची नळी सुटी करून त्यात ते अलगद सोडतात. ते आपल्या वजनाने आत बसावे, बोटाने फिरावे आणि नळी उलटी करताच बाहेर पडावे. तसे न झाल्यास पुंगळी साच्यात पुरेशी आवळली गेलेली नसते, गोळी बसवण्यासाठी फाकवलेले तोंड पुन्हा सरळ केलेले नसते किंवा काडतुसाची एकूण लांबी जास्त असते.

घोडा पडूनही बार न झाल्यास टोपीवरील खूण पाहतात. खूण उथळ असून दुसऱ्या आघाताला काडतूस उडाले, तर टोपी खोबणीत पूर्ण बसली नव्हती. पहिला आघात तिला आत ढकलण्यातच खर्ची पडला. खूण खोल असूनही काडतूस उडाले नाही, तर टोपी तेलाने वा ओलाव्याने निकामी झालेली असण्याची शक्यता असते. बार उशिराही होऊ शकतो. म्हणून अशा वेळी नळी किमान अर्धा मिनिट लक्ष्याच्या दिशेनेच धरून ठेवतात.

दारू कमी पडली तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकते. .३२ बोअरच्या काडतुसाला किंचित बाहेर आलेली कड असते. काडतूस प्रमाणापेक्षा आखूड झाल्यास ते मॅगझीनमध्ये पुढेमागे सरकते, वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे जाते आणि दोन्ही एकमेकांत गुंततात.

== सर्वांत घातक दोष ==
वरील बिघाड त्रासदायक असले, तरी ते स्वतःची वर्दी देतात. पुंगळीत दारू भरायचीच राहिली, तर काय होते ते मात्र सहज निसटते. एकट्या टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. आवाज बारासारखा न येता दबका येतो, हिसका जवळजवळ जाणवत नाही. काडतूस अडले असे समजून हाताने स्लाइड ओढली आणि पुन्हा चाप दाबला, तर दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगते किंवा फुटते. दबका आवाज येताच गोळीबार थांबवणे, पिस्तूल रिकामे करणे आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का हे पाहणे, एवढाच यावर उपाय आहे. याउलट एकाच पुंगळीत दोनदा दारू पडल्यास पुंगळी चेंबरमध्येच फाटू शकते. टोपी बसवण्यापूर्वीच्या चुका पिस्तूल अडवतात. दारूच्या मापातील चुका हात जायबंदी करतात. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहण्याची रीत आहे.

== भारतातील स्थिती ==
परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ चा भंग ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. परवानाधारकांच्या .३२ पिस्तुलांसाठी पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील (स्थापना १८६९) काडतुसे प्रचलित असून त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे.

परदेशांत सेंटर फायर पिस्तूल प्रकारातील नेमबाज स्वतः भरणी करतात. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात तो प्रश्न येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात. त्यातील .२२ काडतुसाचे स्फोटक मिश्रण स्वतंत्र टोपीत नसून बुडाच्या पोकळ कडेत असते आणि आघाताने ती कड चेपली जाते. त्यामुळे पुंगळी व्यवहारतः पुन्हा भरता येत नाही.