गवत कापणारा रोबो : वऱ्हाडच्या अंगणात कितपत उपयोगी?

अमरावती आणि अकोल्याच्या नव्या वसाहतींमध्ये बंगल्यासमोर हिरवळ राखण्याची हौस वाढली आहे. हिरवळ लावणे सोपे असले, तरी ती राखणे कष्टाचे आहे. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत गवत घोट्यापर्यंत येते आणि माळी वेळेवर मिळत नाही. अशा वेळी आपोआप फिरून गवत कापणाऱ्या रोबोची जाहिरात गृहमालकाला मोहात पाडते. मात्र ही यंत्रे प्रामुख्याने युरोपातील हवामान आणि माती डोळ्यांसमोर ठेवून घडली आहेत. त्यामुळे खरेदीपूर्वी त्यांचे गुणदोष वऱ्हाडच्या ऋतुमानाशी ताडून पाहणे हिताचे ठरते.

यंत्राची वाटचाल

गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील एडविन बडिंग या यंत्रज्ञाने १८३० मध्ये तयार केले. लोकरी कापडावरचे तंतू छाटणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. त्यानंतर पेट्रोलवर आणि विजेवर चालणारी यंत्रे आली. स्वीडनच्या हस्कव्हार्ना कंपनीने १९९५ मध्ये सौरऊर्जेवर चालणारे स्वयंचलित यंत्र बाजारात आणले. आजचे बहुतेक रोबो मात्र लिथियम-आयन बॅटरीवर चालतात आणि बॅटरी उतरली की स्वतःहून चार्जिंगच्या जागी परततात.

काम कसे चालते?

जुन्या पद्धतीच्या रोबोसाठी हिरवळीच्या कडेने जमिनीवर किंवा जमिनीत थोड्या खोलीवर एक तार टाकावी लागते. तिच्यातून सौम्य विद्युतसंकेत वाहतो आणि तो ओळखून यंत्र मागे वळते. नव्या रोबोंना तारेची गरज नसते. ते उपग्रहाचे संकेत, कॅमेरा किंवा लेझर किरणांच्या आधारे आपली हद्द ओळखतात. रोबो वाढलेले गवत एकदम कापत नाही. तो वारंवार फिरून शेंड्याचा अगदी थोडा भाग छाटतो. हे बारीक तुकडे मुळाशी पडून कुजतात आणि त्यातील नत्र जमिनीला परत मिळते.

जमेच्या बाजू

सततच्या हलक्या छाटणीमुळे गवत दाट आणि एकसारखे राहते. पेट्रोल यंत्राच्या तुलनेत आवाज फारच कमी असतो, धूर होत नाही आणि वीजही अल्प लागते. कापलेले गवत गोळा करून टाकण्याचा त्रास वाचतो. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेली आणि घरी केवळ वृद्ध आई-वडील, हे चित्र दोन्ही शहरांत नवे नाही. अशा घरांना विनाश्रम चालणारे यंत्र मोठा आधार वाटू शकते. यंत्र उचलले किंवा उलटले की पाती थांबण्याची सोयही त्यात असते.

अडचण ऋतूंची

वऱ्हाडात वर्षाला साधारणतः ७०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. गवताची खरी वाढ याच काळात होते. म्हणजे रोबोची सर्वाधिक गरज पावसाळ्यात असते. पण नेमक्या याच काळात इथली काळी माती चिकट होते. तिचा गारा चाकांना चिकटतो, चाके जागीच फिरतात आणि हिरवळीवर चऱ्या पडतात. अनेक यंत्रांत पाऊस ओळखून काम थांबवण्याची सोय असते. झड लागली, की यंत्र चार-चार दिवस जागचे हलत नाही आणि तोवर गवत रोबोला न पेलण्याइतके वाढते.

उन्हाळ्यात परिस्थिती उलट होते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि अमरावती त्यापासून फार मागे नसते. लिथियम-आयन बॅटरी साधारणतः ० ते ४५ अंश तापमानातच चार्ज करावी, असा संकेत आहे. उन्हात ठेवलेल्या यंत्राच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा अधिक असते. त्यामुळे भर दुपारी चार्जिंग बंद पडणे किंवा बॅटरीचे आयुष्य घटणे स्वाभाविक आहे. चार्जिंगच्या जागेवर सावलीचे छप्पर हवे आणि यंत्राचे काम पहाटे किंवा सायंकाळी ठेवावे.

काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात पाणी कमी पडलेल्या जागेत रुंद भेगा पडतात. जमिनीत पुरलेली हद्दीची तार अशा हालचालीत ताणली जाऊन तुटू शकते आणि तुटलेली जागा शोधणे वेळखाऊ असते. मृगाच्या सुमारास होणाऱ्या विजांच्या कडकडाटातही ही तार आणि तिला जोडलेले चार्जिंग केंद्र नादुरुस्त होण्याचा धोका असतो. मुरमाड जागेवर किंवा बाहेरून आणलेल्या लाल मातीच्या जाड थरावर हिरवळ लावलेली असेल, तर ही अडचण बरीच कमी होते.

थोडक्यात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच रोबोसाठी खऱ्या अर्थाने सोयीचा काळ उरतो. त्यातही थंडीत हरळीची वाढ मंदावलेली असते.

पाण्याचा हिशेब

छाटणीपेक्षा मोठा खर्च पाण्याचा आहे. पाचशे चौरस फुटांच्या हिरवळीला दिवसाला केवळ ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तरी सुमारे २३० लिटर लागते. कडक उन्हाळ्यात ही गरज आणखी वाढते. अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणातून आणि अकोल्याला काटेपूर्णा प्रकल्पातून पाणी मिळते. पाऊस कमी झालेल्या वर्षी नळाचे पाणी काही दिवसांआड येते, हा अनुभव जुना आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर बोअरचे पाणीही खारे असते आणि ते सतत दिल्यास माती बिघडते. छाटणीसाठी रोबो आणला, तरी यातला एकही प्रश्न सुटत नाही.

सुरक्षितता

अंगणात लहान मुले अनवाणी खेळत असतील, तर यंत्र चालू ठेवू नये. पाती लहान असली, तरी धारदार असतात. रात्री चालणारे रोबो छोट्या प्राण्यांना जखमी करतात. युरोपात साळूसारख्या काटेरी हेजहॉगवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या यंत्रांना स्पर्श होईपर्यंत प्राण्याची चाहूल लागली नाही, असे आढळले. जर्मनीतील कोलोन शहराने २०२४ मध्ये रात्रीच्या वेळी असे रोबो चालवण्यास बंदी घातली. वऱ्हाडातील बागेत पावसाळ्याच्या रात्री बेडूक आणि सरपटणारे प्राणी फिरतात, हे ध्यानात ठेवून यंत्र दिवसाउजेडीच चालवावे.

कोणी घ्यावा, कोणी टाळावा?

युरोपात छोट्या रोबोची किंमत साधारणतः पाचशे युरोपासून सुरू होते. त्यावर आयात आणि वाहतुकीचा खर्च चढतो. साधे लहान यंत्रही दोन-अडीचशे चौरस मीटर हिरवळ सांभाळू शकते. दोन हजार चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधून उरणाऱ्या जागेत त्याची निम्मी क्षमताही वापरली जात नाही. एवढ्या जागेसाठी हाताने ढकलायचे गोल पात्यांचे यंत्र काही हजार रुपयांत मिळते आणि अर्ध्या तासात काम होते. पावसाळ्यात चिखल असताना माळ्याचा विळाच अधिक भरवशाचा असतो.

आवार मोठे, जमीन सपाट आणि निचऱ्याची, पाण्याचा स्रोत गोडा आणि बारमाही असेल, तर रोबोचा विचार करायला हरकत नाही. खरेदीपूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. यंत्र किती तापमानापर्यंत चालते, बॅटरीची हमी किती वर्षांची आहे आणि दुरुस्तीसाठी ते कोणत्या शहरात पाठवावे लागेल? उत्तर नागपूरच्याही पलीकडचे असेल, तर वाहतुकीचा खर्च आणि यंत्र बंद राहण्याचे दिवस आधीच हिशेबात धरावेत. तसेच आधी हिरवळीचे क्षेत्र कमी करून उरलेल्या जागेत कमी पाण्यावर जगणारी झाडे लावली, तर छाटणीचे काम आणि पाण्याचा खर्च दोन्ही घटतात. त्यानंतरही यंत्राची गरज भासली, तरच रोबोसाठी पैसे मोजावेत.