चबुआ : एका लष्करी हवाई वाहतूक-तळाचे कार्य

दुसऱ्या महायुद्धात आसामातून चीनला झालेल्या हवाई वाहतुकीचा इतिहास बहुधा वैमानिकांच्या साहसाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ते साहस निर्विवाद होय. तथापि त्या वाहतुकीची मर्यादा आकाशात ठरत होती की भूमीवर, या प्रश्नाचा विचार केल्यावाचून वाहतूक-तळाचे खरे कार्य ध्यानात येत नाही.

एप्रिल १९४२ च्या अखेरीस लाशिओ जपानी सैन्याच्या हाती पडले व ब्रह्मदेशातून चीनला जाणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला. तेव्हा दिब्रुगडनजीकच्या चबुआ व आसपासच्या तळांवरून, अमेरिकन वैमानिक ज्यांना ‘हंप’ म्हणजे वशिंड म्हणत त्या पर्वतरांगा ओलांडून, सुमारे ५०० मैलांवरील कुन्मिंगला माल धाडणे प्राप्त झाले.

परंतु हा माल मुळात चबुआपर्यंत आणणे हेच दुर्घट होते. एका प्रमुख मार्गाने कलकत्त्याहून निघालेला माल पार्वतीपूर येथे ब्रॉडगेज गाडीतून मीटरगेज गाडीत चढवावा लागे. पुढे अमीनगाव-पांडू येथे ब्रह्मपुत्रेवर पूल नसल्यामुळे डबे फेरीबोटीने पार न्यावे लागत. तळावर विमाने सज्ज असूनही माल वाटेत अडकला, तर ती निरुपयोगीच ठरत. मार्च १९४४ मध्ये अमेरिकन रेल्वे-पथकांनी सुमारे ८०० मैलांच्या लोहमार्गाचे संचालन हाती घेतले. त्याच वर्षी पेट्रोलची नळवाहिनी तिनसुकियास पोहोचली. सप्टेंबर १९४४ मध्ये सूत्रे स्वीकारणारे विल्यम टनर यांनी विमानांच्या देखभालीस कारखान्यातील क्रमवार पद्धती लावली. विमानांची वाढती संख्या आणि ऑगस्ट १९४४ मध्ये मिच्चिना जिंकल्यामुळे खुला झालेला कमी उंचीचा मार्ग यांचाही वाटा मोठाच होता. डिसेंबर १९४३ मध्ये सुमारे १२,००० टन असलेली मासिक वाहतूक जुलै १९४५ मध्ये सुमारे ७१,००० टनांवर गेली, ती या सर्वांच्या संयोगाने.

या व्यवस्थेच्या तळाशी आणखी एक घटक होता. आसामातील युद्धकालीन रस्ते व धावपट्ट्या यांच्या उभारणीत चहाच्या मळ्यांतील स्त्रीपुरुष मजूर राबले. रूढ इतिहासात त्यांचा उल्लेख ओझरताच येतो. ज्या धावपट्टीवाचून एकही उड्डाण संभवत नव्हते, तिच्या निर्मात्यांना वगळून लिहिलेला इतिहास अपुरा म्हटला पाहिजे.

टनर यांनी १९४८ मध्ये बर्लिनच्या हवाई पुरवठ्याचे नेतृत्व करताना आसामातील अनुभव उपयोगात आणला. चबुआ हा आज भारतीय वायुसेनेचा तळ आहे. वाहतूक-तळ म्हणजे केवळ उड्डाणाचे स्थान नव्हे. लोहमार्ग, नदी, इंधन आणि मानवी श्रम जेथे एकत्र येतात, तो पुरवठ्याचा सांधा होय.