खान्देशचा काळा दगड पृथ्वीच्या गाभ्यातून आला का?

धुळे आणि साक्री परिसरात काळ्या दगडाच्या लांबलचक, अरुंद टेकड्या दिसतात. लांबून पाहिले तर कोणी भिंतच बांधली असावी असे वाटते. पण त्या माणसाने बांधलेल्या नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमध्ये शिलारस शिरला आणि तिथेच थिजला. नंतर आजूबाजूचा खडक झिजला आणि या भिंती उघड्या पडल्या. भूशास्त्रात त्यांना ‘डाइक’ म्हणतात. हा रस पृथ्वीच्या पोटातून आला, म्हणून तो गाभ्यातला असावा असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही.

शिलारस किती खोलून आला?

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. सर्वांत वर कवच असते. त्याखाली प्रावरण, म्हणजे मुख्यतः घन खडकाचा जाड थर, साधारण २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत जातो. गाभा सुरू होतो तो त्यानंतर. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे, यावरून या खोलीचा अंदाज येईल.

खान्देशचा बेसाल्ट प्रावरणाच्या वरच्या भागात, साधारण शंभर किलोमीटरच्या आसपास वितळलेल्या खडकापासून तयार झाला. गाभा मुख्यतः लोखंड आणि थोड्या निकेलचा आहे. तिथला रस वर आला असता, तर डोंगर दगडाचे नव्हे, धातूचे झाले असते.

तापी खोऱ्यातील गरम पाण्याच्या झऱ्यांचेही तसेच आहे. चोपडा तालुक्यातील उनपदेवच्या झऱ्याखाली ना ज्वालामुखी आहे, ना गाभा. जमिनीत खोल जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. भेगांतून खोल मुरलेले पाणी तापते आणि पुन्हा वर येते.

कोणी पाहिला नाही, मग कळले कसे?

माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला येथे आहे. त्याची खोली १२,२६२ मीटर, म्हणजे गाभ्यापर्यंतच्या वाटेचा अर्धा टक्काही नाही. गाभ्याची माहिती मिळाली ती भूकंपाच्या लहरींमुळे. या लहरी घन आणि द्रव पदार्थांतून वेगवेगळ्या वेगाने जातात, वाकतात आणि काही तर द्रवातून जातच नाहीत.

या शोधाचा एक धागा भारतातला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला. पुढे १९०६ मध्ये त्यांनी भूकंपाच्या नोंदींवरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवले. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक गोळा असल्याचे मांडले.

गाभा दिसत असेल कसा?

बाहेरचा गाभा द्रव आहे. वितळलेले लोखंड त्यात पाण्यासारखे सहज वाहत असावे. साधारण ५,१५० किलोमीटर खोलीवर घन गाभा लागतो. त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या त्रिज्येच्या ७० टक्के. तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्या वर, जवळपास सूर्याच्या पृष्ठभागाइतके. तरीही तो वितळत नाही, कारण केंद्रातला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट आहे.

हा गोळा उघडा करून पाहता आला असता, तर तो काळा किंवा निखाऱ्यासारखा लाल दिसला नसता. त्याने सूर्यासारखे डोळे दिपवले असते. त्याच्या आत लोखंडाचे स्फटिक दाटीने बसलेले असावेत. भूकंपाच्या लहरी त्यातून उत्तर-दक्षिण दिशेने जास्त वेगाने जातात. यावरून बरेच स्फटिक एका दिशेने रचलेले असावेत, असा अंदाज केला जातो.

खान्देशच्या दगडात गाभ्याची खूण

दगड गाभ्यातला नसला, तरी गाभ्याची खूण त्याच्यात आहे. बाहेरच्या गाभ्यात लोखंड वाहत राहते, त्यातून वीजप्रवाह निर्माण होतात आणि पृथ्वीला चुंबकत्व मिळते. लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या चुंबकीय दिशेत पक्के होतात. दख्खनच्या लाव्हाच्या बऱ्याच थरांत ही दिशा आजच्या उलट आहे. त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. याच कणांवरून भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हेही कळले.

हे चुंबकत्व आजही बदलते आहे. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून त्याची नोंद ठेवली जाते. सूर्याकडून येणारे भारित कण हेच चुंबकत्व अडवते, आणि मोबाइलमधला कंपासही त्याच्याच आधारे दिशा दाखवतो. जळगावात कोणी फोनवर उत्तर दिशा पाहतो, तेव्हा ती खूण २,८९० किलोमीटर खालून आलेली असते.