बोरघाट: नफ्याची हमी होती, मजुरीची नव्हती

पुण्याची गाडी कर्जतला थांबते तेव्हा आपण वडा घ्यायला खाली उतरतो. तेवढ्यात मागे जादा इंजिनं जोडली जातात, कारण पुढे घाट आहे आणि पुढचं इंजिन एकटं गाडी वर नेऊ शकत नाही. आजचा भाग ह्याच घाटाबद्दल आहे. पण इंजिनाबद्दल नाही, पैशांबद्दल.

‘सरकारने धंद्यात पडू नये’ हे वाक्य तुम्ही रील्सवर शंभरदा ऐकलं असेल. गंमत अशी, की १८४०च्या दशकात लंडनमध्येही हेच जोरात चाललं होतं. मुक्त व्यापार, सरकार बाजूला. तिथल्या रेल्वे खाजगी पैशावर उभ्या राहिल्या आणि शेअर कोसळले तेव्हा लोक बुडाले. कोणी भरून दिलं नाही.

तेच भांडवलदार हिंदुस्थानात रेल्वे बांधायला निघाले, तेव्हा मात्र त्यांनी हमी मागितली. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला. जमीन फुकट. भांडवलावर वर्षाला ५ टक्के नक्की. तेवढं सुटलं नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून.

सोपं करून सांगतो. समजा तुम्ही कर्जत स्टेशनबाहेर चहाची टपरी टाकली, एक लाख घातले. गावाने सांगितलं, जागा आमची, आणि वर्षाला पाच हजार सुटले नाहीत तर उरलेले आम्ही वर्गणी काढून देऊ. आता दुधाचा भाव करायला तुम्ही किती घासाघीस कराल? विल्यम मॅसी नावाचे इथले माजी अर्थमंत्री १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे जवळपास हेच बोलले: ५ टक्के मिळताहेत तोवर आपला पैसा विटांत गेला की हुगळी नदीत, याची इंग्रज भांडवलदाराला फिकीर नव्हती. तिजोरी भरत होती शेतसाऱ्याने, मिठावरच्या कराने. म्हणजे वर्गणी देणाऱ्यांत आपल्या खालापूरचा भात पिकवणारा कुणबीही होता.

आता घाटात येऊ. १८५६ मध्ये गाडी पळसदरीहून खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे सुरू झालं. मधला घाट पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून चढायचा. तो जोडायचं कंत्राट विल्यम फेव्हियल या इंग्रजाकडे होतं. त्याच्याखाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि सगळ्यात खाली कड्यावर दोरीला लटकून सुरुंगाची भोकं पाडणारे मजूर. पैसा वरून निघायचा आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा झिरपायचा.

मजुरी वेळेवर नाही, पूर्ण नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजूर उठले, गोऱ्या देखरेखवाल्यांशी मारामारी झाली, त्यात एक युरोपियन मेला. सरकारने चौकशी लावली आणि त्याच मार्चमध्ये फेव्हियल कंत्राटातून बाहेर पडला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. मग त्याच्या बायकोने, ॲलिसने, कंत्राट पुढे चालवलं आणि ते पूर्ण झालं. हिच्यावर एक वेगळा भाग करायचाय, तेव्हा इथे थांबतो.

चौकशीनंतर सरकारने १८६० मध्ये कायदा केला. रेल्वे, कालवे अशा कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकाली काढायचे. ऐकायला बरं वाटतं ना? पण मालकाने मजुरी बुडवली तर ती वसूल करायची, एवढंच. मजुराने काम अर्धवट सोडलं तर मात्र तुरुंग. एकाची चूक हिशोबाची, दुसऱ्याची गुन्ह्याची.

१८६१च्या जानेवारीत रोज सरासरी ४२ हजार माणसं घाटात होती. पटकी आणि ताप यांनी छावण्या धुऊन नेल्या. एकूण किती मेले? २५ हजारांपर्यंतचे अंदाज दिले जातात. २५ बोगदे खोदून एप्रिल १८६३ मध्ये घाट उघडला, गव्हर्नर बार्टल फ्रिअर उद्घाटनाला आले. चारच वर्षांनी, १८६७च्या पावसाळ्यात, घाटातला एक मोठा पूल कोसळला. काम किती कच्चं झालं होतं, ते दिसलं.

मी असं म्हणत नाही की सरकारने हात घालायला नको होता. हमी नसती तर त्या काळात ह्या कड्यावर कोणी पैसा लावला नसता, आणि घाटाचा फायदा दख्खनच्या कापसाला झाला, आपल्यालाही होतोच. आज खालापूरच्या टोलनाक्यावरून जाताना आपण जो एक्स्प्रेसवे वापरतो, तोही राज्याच्या महामंडळाने बांधला आणि २००४ मध्ये टोल वसुली खाजगी कंपनीकडे गेली. सरकार तेव्हाही धंद्यात होतं, आताही आहे. मला बघावंसं वाटतं ते एवढंच, की करारात कोणाचा धोका कोणी उचललाय. बोरघाटात सरकारने शेअरवाल्याचा उचलला. मजुराचा त्याच्यावरच सोडला, आणि वर पहारा बसवला.

१९०० मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली, चालवायला मात्र १९२५ पर्यंत कंपनीकडेच ठेवली. मजुराला तुरुंगात पाठवणारा तो १८६०चा कायदा त्यानंतरही होता. तो रद्द झाला १९३२ मध्ये.